धूर उडाला, वास बसला! जुन्या गाडीतल्या तंबाखूच्या वासाच्या १६ गोष्टी

सेकंडहँड गाडी घ्यायची म्हटलं की आपण इंजिन ऐकतो, टायर बघतो, सर्व्हिस बुक चाळतो, ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेतो. नाकाला मात्र कुणी कामाला लावत नाही. गाडी दारात येते, काचा वर जातात, एसी सुरू होतो आणि मग कळतं की आधीच्या मालकाने गाडी विकली, सिगारेटचा वास मात्र गाडीतच ठेवून गेला. हा वास चिवट खरा, पण त्याच्यापुढे हात टेकायचं कारण नाही. तो कुठे दडतो, कशाला चिकटतो आणि कशाने सुटतो हे समजून घेतलं की निम्मी लढाई जिंकली. चला, एकेक गोष्ट पाहू.

१. हा वास नाही, थर आहे

सिगारेटच्या धुरात सात हजारांहून जास्त रसायनं असतात. धुराचे बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षाही लहान, त्यामुळे शिवणीत, फोममध्ये, प्लॅस्टिकच्या बारीक खाचांत ते सहज शिरतात. निकोटीन २४७ अंश सेल्सिअसला उकळतं, म्हणजे साध्या हवेत ते अगदी सावकाश उडतं. धूर खिडकीतून कधीच निघून गेलेला असतो. टार आणि निकोटीनचा पातळ चिकट थर मात्र आत बसलेला असतो आणि तोच महिनोन् महिने थोडा थोडा हवेत मिसळत राहतो. म्हणून परफ्यूम मारून काही होत नाही. थर काढायचा, म्हणजे वास जातो. पुढच्या सगळ्या उपायांचं सार एवढंच आहे.

२. पांढऱ्या कापडाची परीक्षा

गाडी बघायला जाताना खिशात पांढरं सुती फडकं ठेवा. ते किंचित ओलं करून पुढच्या काचेच्या आतल्या बाजूवर, डॅशबोर्डजवळच्या कोपऱ्यात फिरवा. हा कोपरा हाताला गैरसोयीचा, म्हणून तो सहसा कुणी पुसत नाही. साधी धूळ असेल तर फडकं राखाडी होतं. धूम्रपानाची गाडी असेल तर पिवळट तपकिरी डाग उठतो आणि बोटाला तो किंचित चिकट लागतो. शुद्ध निकोटीन खरं तर रंगहीन, तेलासारखं असतं. हवा लागली की तपकिरी होतं. मग ड्रायव्हरच्या बाजूचं सनव्हायझर खाली ओढा. व्हायझरमागे झाकलेलं छत आणि शेजारचं उघडं छत यांच्या रंगात फरक दिसला, तर काय ते समजा. सीटवरची मसुराएवढी, कडा वितळलेली भोकंही शोधा.

३. विकणारा खोटं बोलत नसतो, त्याचं नाक थकलेलं असतं

"वास? छे, मला तर काहीच येत नाही!" असं मालक म्हणतो तेव्हा तो बहुधा मनापासून बोलत असतो. एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांत आपलं नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. माणसाच्या नाकात वास ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक असतात. या ग्राहकांच्या शोधासाठी रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चं नोबेल मिळालं. इतकी सूक्ष्म यंत्रणाही सवयीपुढे गप्प बसते. म्हणून गाडीचं दार उघडल्यावरचा पहिला श्वास महत्त्वाचा. आणि आत आधीच परफ्यूमचा घमघमाट असेल तर परफ्यूमची बाटली बाहेर काढायला सांगून दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

४. वास हुंगण्यासाठी पगार मिळतो!

जर्मनीतल्या इंगोलश्टाटमध्ये ऑडी कंपनीने १९८५ पासून वास तपासणाऱ्यांचं खास पथक ठेवलं आहे. गाडीच्या आतल्या वस्तूंचे नमुने काचेच्या बरणीत घालून तापवायचे आणि झाकण किलकिलं करून हुंगायचे, असं त्यांचं काम. फोर्डचंही चीनमध्ये नानजिंगजवळ असंच पथक आहे. हीच युक्ती आपल्यालाही जमते. फ्लोअर मॅट, सीट कव्हर, कुशन असे सुटे भाग वेगवेगळ्या झाकणाच्या डब्यांत किंवा घट्ट बांधलेल्या पिशव्यांत घालून तासभर उन्हात ठेवा. मग एकेक उघडून हुंगा. खरा गुन्हेगार कोण ते लगेच कळेल, आणि बाकीच्या भागांवरची मेहनत वाचेल.

५. सगळ्यात जास्त धूर डोक्यावर

गरम धूर वर जातो आणि सरळ छताच्या अस्तराला भिडतो. गंमत म्हणजे, गाडी धुताना सगळ्यात कमी लक्ष छताकडेच जातं. सीट शॅम्पू होतात, मॅट धुतल्या जातात, छत तसंच राहतं आणि दोन दिवसांनी वास परत येतो. पण इथे जोर लावू नका. हे अस्तर पातळ फोमवर चिकटवलेलं असतं. भिजवलं किंवा खसाखसा घासलं तर गोंद सुटतो आणि कापड डोक्यावर लोंबू लागतं. फवारा कधीही छतावर मारायचा नाही, मायक्रोफायबरच्या फडक्यावर मारायचा. फडकं घट्ट पिळायचं आणि हलक्या हाताने एकाच दिशेने पुसत जायचं. फडकं दर थोड्या वेळाने बदला. त्यावर उतरलेला रंग पाहूनच तुम्हाला हुरूप येईल.

६. एसी लावला की वास का येतो?

काचा बंद, एसी सुरू, हवा आतल्या आत फिरतेय, आणि कुणी सिगारेट ओढतंय. अशा वेळी तो धूर पुन्हा पुन्हा एसीच्या केबिन फिल्टरमधून आणि ओलसर कूलिंग कॉइलवरून जातो. दोन्हीकडे थर बसतो. मग वर्षभराने नवा मालक एसी लावतो आणि पहिला झोत थेट तोंडावर येतो. केबिन फिल्टर बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि घरच्या घरी बदलता येतो. काही जुन्या छोट्या गाड्यांत तो नसतोच. गॅरेजमध्ये कॉइल फोमने साफ करून घ्या आणि त्यानंतरच नवा फिल्टर बसवा. उलटं केलंत तर नवा फिल्टर पहिल्याच दिवशी जुना होईल.

७. मोबाइल चार्ज होतो तो सिगारेट लायटरच्या कृपेने

डॅशबोर्डवरचं ते गोल १२ व्होल्टचं सॉकेट मुळात फोनसाठी नव्हतंच. विजेवर तापणारे लायटर अमेरिकेत १९२० च्या दशकात गाड्यांत आले. पुढे बटण दाबून ठेवलं की तार लालबुंद होते आणि दोन धातूंच्या पट्टीमुळे लायटर आपोआप टक्कन बाहेर येतो, अशी रचना रूढ झाली. १९९० च्या दशकात कंपन्यांनी ॲशट्रे आणि लायटर काढायला सुरुवात केली, सॉकेट मात्र राहिलं. जुन्या गाडीत मूळ लायटर सापडला तर तारेकडे बघा. ती काळवंडलेली, राखेने माखलेली असेल तर लायटरचा वापर कशासाठी होत होता ते सांगायची गरज नाही. आणि ॲशट्रे असेल तर ती पूर्ण बाहेर काढून तिच्या मागचा खोबणीचा भागही पुसा. तिथे राख हमखास अडकते.

८. विसरलेला पाहुणा: सीट बेल्ट

सीट बेल्ट विणलेल्या जाड पट्टीचा असतो, ड्रायव्हरच्या तोंडापासून हातभर अंतरावर असतो आणि तो कुणीच धूत नाही. बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, वरच्या टोकाला कपड्यांचा मोठा चिमटा लावा म्हणजे तो परत आत जाणार नाही. कोमट पाण्यात सौम्य साबण मिसळून मऊ ब्रशने धाग्यांच्या दिशेने साफ करा आणि पूर्ण वाळल्यावरच आत सोडा. ब्लीच किंवा तीव्र रसायन अजिबात नको. त्याने धागे कमजोर होतात, आणि अपघातात आपला जीव याच धाग्यांवर अवलंबून असतो.

९. मे महिन्याचं ऊन कामाला लावा

अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक मोजणी प्रसिद्ध केली. बाहेर ३८ अंशांच्या आसपास असताना गाडी तासभर उन्हात ठेवली, तर आतली हवा सरासरी ४७ अंशांवर आणि डॅशबोर्ड ६९ अंशांवर गेला. इतक्या उष्णतेत चिकटून बसलेली रसायनं भराभर हवेत येतात. त्याच वेळी चारही दारं आणि डिकी सताड उघडली की ती बाहेर पडतात. फोर्डने तर नव्या गाडीचा वास घालवण्यासाठी गाडी उन्हात तापवून हवा खेळवण्याच्या पद्धतीवर पेटंटसाठी अर्ज केला आणि २०१८ मध्ये त्याची बातमी झाली. नागपूर-जळगावकरांना ही भट्टी फुकट मिळते! मात्र तापलेल्या गाडीत मूल किंवा पाळीव प्राणी क्षणभरही ठेवू नका.

१०. व्हिनेगर आणि सोडा: दोघेही हवेत, पण एकत्र नकोत

निकोटीन आणि शिळ्या धुराच्या वासाला जबाबदार असलेली पिरिडीन गटातली द्रव्यं अल्कली स्वभावाची असतात. व्हिनेगर आम्ल. दोघांची गाठ पडली की पाण्यात सहज विरघळणारा क्षार तयार होतो आणि तो ओल्या फडक्याने उचलता येतो. दुसरीकडे धुरात आम्ल स्वभावाची द्रव्यंही असतात. त्यांच्यासाठी खाण्याचा सोडा बरा. पण दोन्ही एकाच वेळी ओतले की फसफस होऊन कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि दोघांची ताकद एकमेकांना मारण्यातच संपते. म्हणून आधी निम्मं पांढरं व्हिनेगर आणि निम्मं पाणी घेऊन काचा आणि प्लॅस्टिक पुसा. सगळं वाळल्यावर सीट आणि कार्पेटवर सोडा भुरभुरवा, रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्युम करा. खऱ्या चामड्याच्या सीटवर व्हिनेगर नको. कुठलाही उपाय आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघा.

११. एका ग्रॅममध्ये सात कबड्डीची मैदानं

ॲक्टिव्हेटेड चारकोल म्हणजे वास पकडणारा खराखुरा गडी. त्याला इतकी सूक्ष्म छिद्रं असतात की चांगल्या प्रतीच्या एका ग्रॅमचं आतलं क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या घरात जातं. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे १३० चौरस मीटर. करा हिशेब! पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये रशियन रसायनशास्त्रज्ञ निकोलाय झेलिन्स्की यांनी विषारी वायूपासून वाचण्यासाठी याच कोळशाचा मुखवटा तयार केला. अमेरिकेत १९१८ मध्ये मुखवट्यांच्या कोळशासाठी लोकांकडून पीच फळाच्या कोयी गोळा केल्या जात होत्या. उत्तम प्रतीचा असा कोळसा नारळाच्या करवंटीपासूनही होतो, आणि करवंट्यांना कोकण-गोव्यात काय तोटा! मात्र शेगडीतला साधा कोळसा ठेवून उपयोग नाही. विशेष प्रक्रियेने छिद्रं उघडलेला कोळसाच हवा. तो हवेतला वास पकडतो, बसलेला थर मात्र काढत नाही. म्हणून त्याचा नंबर सफाईनंतर.

१२. "तुम्ही सिगारेट सोडली का हो?"

चार्ल्स डुहिग यांच्या 'द पॉवर ऑफ हॅबिट' या पुस्तकात एक किस्सा आहे. अमेरिकेतल्या प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीतला एक रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत सायक्लोडेक्स्ट्रिन नावाच्या पदार्थावर काम करत होता. गडी सिगारेट ओढणारा. संध्याकाळी घरी गेला तर बायकोने विचारलं की सिगारेट सोडली का, कारण कपड्यांना वासच येत नव्हता. त्यातून पुढे फेब्रीझ हा फवारा बाजारात आला. सायक्लोडेक्स्ट्रिन ही पिष्टमय पदार्थापासून बनणारी, मधे पोकळी असलेली रेणूची कडी. वासाचा रेणू त्या पोकळीत जाऊन बसतो आणि नाकापर्यंत पोहोचत नाही. हा पदार्थ फ्रेंच शास्त्रज्ञ व्हिलिये यांनी १८९१ मध्येच शोधला होता. कापडी सीटवर असे फवारे चांगलं काम करतात, पण तेही धुतलेल्या सीटवरच.

१३. कांदा, कापूर, कॉफी, उदबत्ती: निकाल काय?

घरगुती उपायांची यादी लांबलचक आहे. कापलेला कांदा वाटीत ठेवला की गाडीला कांद्याचा वास येतो. सीटमधलं टार जिथल्या तिथे राहतं. कापूर हवेत उडून जातो आणि तोवर बाकी वास झाकतो, एवढंच. कॉफीचंही बरंचसं काम झाकण्याचंच. लिंबाची साल छान वाटते, पण वाळली की खेळ संपला. उदबत्ती मात्र गाडीत लावूच नका. तिचाही धूरच असतो, त्याचेही बारीक कण त्याच छतावर आणि त्याच कॉइलवर जाऊन बसतात. एका धुराचा थर काढायला निघालो आणि दुसरा चढवून बसलो, असं व्हायला नको.

१४. ओझोन: शेवटचं हत्यार, तेही जपून

बरीच डिटेलिंग सेंटर 'ओझोन ट्रीटमेंट' देतात. ओझोनमध्ये ऑक्सिजनचे तीन अणू असतात. त्यातला एक पटकन दुसऱ्या रेणूला चिकटतो आणि वासाच्या रेणूची मोडतोड करतो. १८३९ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या बासेलमध्ये शोनबाइन यांनी हा वायू ओळखला, तोही त्याच्या तिखट वासावरून. पण ओझोन फुप्फुसांना घातक आहे, जास्त वेळ दिला तर रबर तडकतं, आणि थर शिल्लक असेल तर निकोटीनशी त्याची अभिक्रिया होऊन अतिसूक्ष्म कण तयार होतात. तेव्हा नियम दोन: मशीन चालू असताना गाडीत कुणीही नको आणि नंतर कित्येक तास दारं उघडी हवीत, आणि ओझोनची पाळी सगळी सफाई झाल्यावरच.

१५. धूर नाही, तरी तंबाखू आहेच

२०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू खाणारे २४.४ टक्के. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी जुन्या गाडीच्या दाराच्या कप्प्यात पुडीची चुरगळलेली कडा आणि दाराखाली लालसर ओघळ दिसतात. चुना अल्कली असतो आणि त्याच्या संगतीत काताचा लाल रंग खुलतो. म्हणून या डागांवर सोडा किंवा कपडे धुण्याचा साबण चोळू नका. लिंबाचा रस किंवा पातळ व्हिनेगर आधी लावून बघा, थोडा वेळ थांबा, मग टिपून घ्या. दाराच्या खालच्या पट्टीचं रबर उचलून आतही पाहा. पिचकारीचे थेंब वाऱ्याने मागे येतात ते तिथेच.

१६. ट्रकच्या केबिनमधला पुरावा

इथे मात्र थोडं गंभीर व्हायला हवं. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये दाखवून दिलं की पृष्ठभागावर बसलेलं निकोटीन हवेतल्या नायट्रस ॲसिडशी संयोग पावतं आणि कर्करोगाशी संबंध असलेली नायट्रोसमाइन्स तयार होतात. नायट्रस ॲसिड गॅसच्या शेगड्यांतून आणि गाड्यांच्या धुरातून येतं. सतत सिगारेट ओढणाऱ्या एका चालकाच्या ट्रकच्या केबिनमध्ये अशी द्रव्यं त्यांना प्रत्यक्ष सापडली. याला 'थर्ड हँड स्मोक' म्हणतात. रांगणारी, सीट चाटणारी, हात तोंडात घालणारी मुलं याच्या सगळ्यात जवळ असतात. इंग्लंडमध्ये तर १ ऑक्टोबर २०१५ पासून १८ वर्षांखालचं कुणी गाडीत असेल तर धूम्रपानाला बंदी आहे. खिडकी उघडी आहे, सनरूफ उघडं आहे, असली सबब चालत नाही. सूट फक्त छत पूर्ण खाली केलेल्या कन्व्हर्टिबलला! आपल्याकडे २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी आणि सार्वजनिक वाहनांत धूम्रपानबंदी लागू झाली. स्वतःच्या गाडीचा नियम मात्र मालकानेच करायचा असतो.

कामाचा क्रम, एका नजरेत

• गाडी पूर्ण रिकामी करा, सीटखाली आणि सीटच्या फटींत व्हॅक्युम फिरवा, ॲशट्रे धुवा.
• काचा, डॅशबोर्ड, दारांचं प्लॅस्टिक, स्टीअरिंग पुसा. फडकं पांढरं राहीपर्यंत.
• छताचं अस्तर घट्ट पिळलेल्या फडक्याने, न भिजवता.
• सीट आणि कार्पेट शॅम्पू करून पाणी ओढून काढणाऱ्या मशीनने साफ करा. हे काम पावसाळ्यात काढू नका. फोम ओला राहिला तर बुरशी धरते आणि एका वासाचे दोन होतात. ऑक्टोबरचं ऊन किंवा उन्हाळा उत्तम.
• सीट बेल्ट.
• एसीची कॉइल, मग नवा फिल्टर.
• रात्रभर सोडा, सकाळी व्हॅक्युम, मग चारकोलच्या पिशव्या.
• ऊन आणि वारा, पुन्हा पुन्हा.
• तरीही वास राहिलाच तर ओझोन.

अमेरिकेतल्या सॅन दिएगो स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी विक्रीला आलेल्या गाड्या तपासल्या, तेव्हा धूम्रपान करणाऱ्या मालकांच्या गाड्यांमध्ये साफसफाईनंतरही निकोटीन सापडलं, आणि अशा गाड्यांची मागितलेली किंमतही कमी होती. याचा अर्थ दोन बाजूंनी घ्यावा. घेणाऱ्याने सफाईचा सगळा खर्च किमतीतून वजा करून घासाघीस करावी, अगदी हक्काने. आणि एकदा केलेल्या सफाईवर समाधान मानू नये. पहिल्या फेरीनंतर दोन आठवड्यांनी काच पुन्हा पांढऱ्या फडक्याने पुसावी, पिवळं दिसलं तर दुसरी फेरी करावी.

शेवटची चाचणी सोपी आहे. गाडी काचा बंद करून तासभर उन्हात ठेवा, दार उघडा आणि जो या गाडीत कधीच बसलेला नाही अशाला पहिला श्वास घ्यायला सांगा. परफ्यूम नाही, कापूर नाही, आणि त्याने नाक मुरडलं नाही, तर काम फत्ते! त्या दिवसापासून मात्र एक नियम मित्र, साहेब, मेव्हणे, सगळ्यांना सारखाच लावा: या गाडीत कुणीही पेटवायची नाही. ओढायची असेल तर गाडी कडेला थांबेल, माणूस खाली उतरेल. एवढं सांगायला संकोच वाटत असेल तर मागच्या सीटवरच्या मुलांकडे बघा आणि सांगून टाका.